गढूळ पाण्यातली बॅटरी

मालवणच्या एका भगिनीचा मुलगा स्कूबा शिकतोय. ‘स्वस्तातली बॅटरी चालेल का?’ असं त्या विचारतात. चालेल, पण ल्यूमेनच्या आकड्याला भुलू नका. गढूळ पाण्यात पसरट झोत म्हणजे धुक्यात गाडीचा अप्पर लाईट! गाळाचे कणच चमकतात, समोर नुसता पांढरा पडदा. झोत अरुंद हवा, १० अंशांच्या आसपास. सेल पुन्हा चार्ज होणारा बरा. झाकणाच्या रबरी कडीवर केस जरी अडकला तरी पाणी शिरतं. ती पुसून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं. जोडीदाराला खूण करायची ती याच उजेडाने, म्हणून मोठीवरचे पैसे वाचवून दुसरी छोटी बॅटरी घ्याच. तिथे मात्र काटकसर नको. घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुचकळायची, झाकण बंद ठेवूनच हं!