परीक्षेत म्हातारी माणसं आणा

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांस,


एमबीबीएसला बालरोग हा स्वतंत्र विषय आहे. त्याचा पेपर वेगळा, प्रॅक्टिकल वेगळं. म्हातारपणाचे आजार मात्र मेडिसिनच्या एका प्रकरणात उरकतात. ते प्रकरण ऑप्शनला टाकूनही मुलं डॉक्टर होतात. 2011च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसं एक कोटी दहा लाखांच्या वर होती.

उतारवयात आजार नेहमीच्या खुणा दाखवेलच असं नाही. न्यूमोनिया असून ताप नसतो, माणूस नुसता बरळायला लागतो. माझी आई रुग्णालयात होती तेव्हा तिच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. रात्रीतून त्या माणसं ओळखेनाशा झाल्या, सलाईन उपटायला लागल्या. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, "वयाचं आहे," आणि त्याने त्यांचे हात बँडेजने कठड्याला बांधायला लावले. सकाळच्या पाळीला आलेल्या अनुभवी सिस्टरनी पहिल्यांदा ओटीपोटावर हात ठेवला. लघवी तुंबून पोट टम्म झालं होतं. आदल्या दिवशी सर्दीची गोळी सुरू केली होती; अशा काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची लघवीही अडते आणि भ्रमही होतो. कॅथेटर घातला, गोळी बंद केली. संध्याकाळी आजी मुलाला नावाने हाक मारत होत्या.

त्या डॉक्टरला मी बोल लावत नाही. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 20 म्हणतं, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय हवी आणि तिचा प्रमुख या कामाचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी हवा. हा अनुभव त्याने घ्यायचा कुठे? मद्रास मेडिकल कॉलेजने वृद्धांच्या आजारांवरची एमडी 1996 मध्येच सुरू केली. तसे तज्ज्ञ आपल्यालाही हवेतच. पण रात्री दोन वाजता खाटेपाशी तज्ज्ञ नसतो, इंटर्न आणि सिस्टर असतात.

अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, मान्य. पण पेपर आपलं विद्यापीठ काढतं, परीक्षक आपण नेमता. फायनलच्या प्रॅक्टिकलला पंच्याहत्तरीपुढची एक केस सक्तीची करा. विद्यार्थ्याने त्या रुग्णाच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या पाहाव्यात आणि कुठल्या थांबवता येतील ते सांगावं. बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा घ्यावं. खुर्चीतून उठवून तीन मीटर चालवावं, वळवून परत बसवावं. याला घड्याळाखेरीज काही लागत नाही. कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून नव्हे, समोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं. नर्सिंगच्या परीक्षेत कूस बदलून दाखवणं आणि कातडी नुसती लाल झाली असतानाच बेडसोर ओळखणं यांना मार्क ठेवा.

परीक्षेला येतं तेच मुलं मन लावून शिकतात, आणि शिक्षकही तेच शिकवतात. परीक्षा मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एका वृद्ध रुग्णाची मुलगी