भूकंपाची तारीख आणि जमिनीची जात

काशीच्या ब्रह्मा घाटावर आणि शेजारच्या दुर्गा घाटावर मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. तेथील एका वृद्ध काकूंनी मला विचारले, "तुम्ही सरकारी अधिकारी. इथे भूकंप कधी होईल, ते सांगता येतं का हो?" मी म्हणालो, "नाही, काकू. पण झाला तर कुठली जमीन दगा देईल, हे आधी तपासता येतं." प्रशासनाने हा दुसराच प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे.

कोयना (1967) आणि किल्लारी (1993) यांच्या आठवणींमुळे भूकंप म्हटला की आपल्यापुढे कोसळणाऱ्या भिंती येतात. गंगेच्या मैदानात धोका पायाखालीही असतो. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की आतील पाण्याचा दाब वाढतो, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि जमीन काही काळ द्रवासारखी वागते. 15 जानेवारी 1934 रोजी उत्तर बिहारात वाळू-पाण्याचे फवारे उडाले, विहिरी वाळूने भरल्या, घरे कलली आणि रुतली.

हा धोका जोखण्याची सोपी रीत सीड आणि इद्रिस यांनी 1971 मध्ये मांडली. बोअरमध्ये 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून पाडत नळी 30 सेंटिमीटर आत जाण्यास लागणारे ठोके मोजतात. वाळूत ठोके कमी लागले आणि भूजल उथळ असले, तर धोका अधिक. 'भारतीय मानक 1893'च्या 2016च्या आवृत्तीत ही पद्धत दिलेली आहे.

त्याच मानकाने अवघ्या वाराणसीस तिसऱ्या भूकंपक्षेत्रात घातले. परंतु क्षेत्र हादऱ्याविषयी सांगते, मातीविषयी नाही. ब्रह्मा घाटाचा उंच काठ कंकरमिश्रित चिकणमातीचा आहे, तर समोरचा वाळूचा. घाटामागील मच्छोदरीचे तळे तर 19व्या शतकातच आटवले गेले. अशा ठिकाणी भरावाखाली काय आहे, हे बोअर घेतल्यावाचून कळत नाही.

पूल, जलवाहिन्या, मोठ्या इमारती यांसाठी बोअर घेतलेच जातात. अहवाल मात्र ज्या त्या कामाच्या फायलीत पडून राहतात. बांधकाम परवान्याबरोबर त्यांची प्रत घेऊन एकच नकाशा करावा आणि तो नागरिकांस खुला ठेवावा. यास नवा कायदा नको, थोडी शिस्त हवी.

काकूंना तारीख देणे कोणाच्याच हाती नाही. त्यांच्या नातवाने उद्या घर कोठे आणि कशा पायावर बांधावे, हे सांगणे मात्र आपल्या हाती आहे.