वल्हे नंतर, आधी पाण्यात पडायला शिका

अक्कलकोटसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात नौकाविहारावर कशाला लिहायचे, असे काहींना वाटेल. पण होडीत बसण्याचे प्रसंग आपल्याकडे कमी नाहीत. पंढरपूरला गेलो की चंद्रभागेत होडीने फेरी होते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या अडवलेल्या पाण्यावर पर्यटक नौकाविहार करतात. तीच बोरी पुढे आपल्या तालुक्यात येऊन कुरनूर धरणात साठते. उजनीच्या फुगवट्यावरच्या गावांना तर होडी ही एसटीसारखीच रोजची सोय आहे. होडीत आपण बसतो, पण जत्रेतल्या पाळण्यात बसावे तसे. जबाबदारी सगळी नावाड्याची, आपण फक्त फोटो काढायचे.

त्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये, उजनीच्या पाण्यात, वादळी वाऱ्याने होडी उलटली. दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले. पोहत काठ गाठणारा एकच वाचला.

या घटनेतला महिना लक्षात घ्यावा. मे म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, सहली आणि पाण्याची ओढ. पण हाच वळवाच्या पावसाचाही काळ. दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर ढग उभे राहतात. पाऊस सुरू झाला की ढगातली थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीलगत चहूकडे पसरते. पाऊस पोचण्याआधी हा वारा पोचतो. काही मिनिटांपूर्वी आरशासारखे असलेले पाणी लाटांनी उसळू लागते. जलाशयावर वाऱ्याला अडवायला झाडे नाहीत, टेकड्या नाहीत. त्यातच उन्हाळ्यात पाणी ओसरल्याने काठ चिखलाचा होतो आणि बुडालेली खोडे वर येतात. नवशिक्यासाठी आपल्या भागातला योग्य काळ मे हा नाहीच. परतीचा पाऊस थांबल्यानंतरचे, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस त्यासाठी चांगले. हवा शांत असते आणि पाऊस झालेल्या वर्षी धरणात पाणीही असते. शिकायचे ते सकाळी, आणि आभाळ काळवंडले की लगेच काठावर यायचे.

दुसरी गोष्ट लाईफ जॅकेटची. पाण्यात आपले वजन जवळपास नाहीसे होते. प्रश्न फक्त नाक-तोंड पाण्यावर ठेवण्याचा असतो. त्यासाठी चांगले जॅकेट सात ते दहा किलोचा उठाव देते आणि तेवढा पुरतो. मात्र पट्टे बांधलेले असतील तरच. सैल जॅकेट पाण्यात पडताच कानापर्यंत वर सरकते आणि माणूस खालून निसटतो. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घालणे म्हणजे न घालण्यासारखेच.

‘मला पोहता येते, जॅकेट कशाला?’ हे उत्तर हमखास ऐकू येते. विहिरीत पोहणे आणि अंगावरच्या कपड्यांसह, डोक्याला मार बसलेला असताना, लाटांमध्ये पोहणे यांत फार अंतर आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे अपघातांचे वार्षिक अहवाल पाहिले तर नौका-अपघातात मरणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक बुडून मरतात आणि त्यांतल्या दहापैकी आठांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेले नसते. होडीच्या बाकाखाली ठेवलेले जॅकेट ऐन वेळी घालता येत नाही. होडी उलटायला काही सेकंद पुरतात.

म्हणून नवशिक्याचा पहिला धडा वल्ह्याचा नसावा. जॅकेट घालून छातीएवढ्या पाण्यात मुद्दाम पडावे, उताणे तरंगावे, श्वास सावरावा. ते जमले की होडी. चढताना मधोमध पाय टाकावा आणि लगेच खाली बसावे. उभे राहिले की गुरुत्वमध्य वर जातो आणि जरासा धक्काही होडी उलटवतो. फोटोसाठी सगळे एका बाजूला धावतात तेव्हाही तेच होते. होडी उलटलीच, तर ती तरंगत असेपर्यंत तिला धरून राहावे. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वासासाठीच धडपडत असल्याने तो बहुधा मुकाट बुडतो. त्याला वाचवायला उडी मारण्यापेक्षा दोर, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नये. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब. आणि १०८ ला फोन. ज्यांना फिट येते किंवा हृदयविकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वल्हे हाती घ्यावे.

एवढे सांभाळले तर वल्हवण्यासारखा व्यायाम नाही. पाय, पोट, पाठ, दंड सगळ्यांना काम मिळते आणि गुडघ्यांवर आदळआपट होत नाही. त्यासाठी समुद्रकाठी जन्मावे लागते असेही नाही. दत्तू भोकनळ हा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे टंचाईग्रस्त भागातला. सैन्यात गेल्यावर तो पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. त्याला शिकवणारे होते, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे तीच उणीव आहे. आपल्या धरणाकाठी ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी लावून काम झाले असे मानले जाते. पोरे तरीही उतरतात. त्यापेक्षा जलसंपदा विभागाच्या परवानगीने कुरनूरच्या काठी उथळ जागा आखावी. तिथे प्रशिक्षित माणूस आणि मापाची जॅकेटे असावीत, हिवाळ्यात शाळांसाठी महिनाभराचा वर्ग चालावा. अक्कलकोट शहर हेच पाणी पिते, तेव्हा इंजिनाची बोट नको, वल्ह्याची होडीच हवी. खर्च एखाद्या क्रीडासंकुलाच्या कुंपणाएवढाही होणार नाही.

तोवर एक नियम आपल्या हातात आहे. पंढरपूर असो वा उजनी, पट्टे बांधलेल्या जॅकेटाशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. नावाड्याकडे जॅकेट नसेल, तर त्या दिवशी काठावरूनच पाणी पाहून परत यावे.