दोष शोधण्याची विद्या

संगणक अडला की "हात लावू नकोस, आणखी बिघडेल" हे वाक्य घरोघरी ऐकू येते. यंत्र महाग असते, तेव्हा पालकांची भीती निराधार नव्हे. तथापि त्या भीतीपायी मुले एका मोठ्या विद्येस मुकतात, असे आमचे नम्र मत आहे. ती विद्या म्हणजे दोष शोधण्याची.

एक उदाहरण घेऊ. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे असते. रेझोल्यूशन आडवे १९२० व उभे १०८० ठेवले, तर एकंदर ठिपके २०,७३,६०० होतात. आणि असे चित्र बहुधा सेकंदास ६० वेळा नव्याने काढले जाते. ३८४० व २१६० ठेवले की ठिपके चौपट. हा सारा भार एका तारेने वाहावयाचा असतो. बोर धरण हिंगणीकरांच्या नित्य परिचयाचे आहे. कालव्यात मावेल तेवढेच पाणी त्यात सोडावे लागते. तारेचेही तसेच आहे. म्हणून डिस्प्लेपोर्ट नावाच्या जोडणीत संगणक व पडदा आधी तारेची परीक्षा घेतात आणि तिला किती वेग पेलेल ते ठरवितात.

लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीत येथे पूर्वी एक अडचण होती. रेझोल्यूशन बदलण्याची आज्ञा आली की पडद्याचा कारभार पाहणारा ड्रायव्हर ती मान्य करी; तारेची परीक्षा मात्र त्यानंतर होई. तार सदोष असल्यास परीक्षा फसे, पण ते आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमला कळविण्याची सोय नव्हती. तो समजे, काम झाले. माणसापुढे मात्र काळा पडदा! इंटेल कंपनीत असताना मानसी नवरे ह्यांनी २०१६-१७ च्या सुमारास ह्यावर उपाय लिहिला. परीक्षा फसली की ड्रायव्हर 'जोडणी बिघडली' अशी खूण करतो, तारेला न पेलणारी रेझोल्यूशने यादीतून गाळतो आणि पुन्हा निवड करण्याची सूचना देतो. प्रोग्रॅमने ती सूचना पाळली, म्हणजे चित्र थोडे कमी रेखीव दिसते, पण दिसते.

ह्या प्रकरणात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, पडदा काळा असला तरी दोष पडद्यात नव्हता. कोणती गोष्ट आधी घडते व कोणती मागून, हे तपासले तेव्हा तो सापडला. दुसरी ही की, लिनक्स मुक्तस्रोत आहे. त्याची घडण कोणासही वाचता येते. म्हणूनच हा उपाय उघडपणे मांडला गेला, इतर अभियंत्यांनी तो तपासला आणि तो सर्वांच्या उपयोगी पडला.

कोणी म्हणतील, आमच्या मुलांपैकी ड्रायव्हर लिहिणारे असे किती निघणार? फार थोडे, हे खरे. परंतु दोषाची चोख हकीकत लिहिणे प्रत्येकास साधेल. तार कोणती, रेझोल्यूशन कोणते, बिघाडापूर्वी काय बदलले, हे नोंदवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आणि जे दिसले तेवढेच लिहावे. ही शिस्त ज्याच्या अंगी बाणली, तो सायकलीपुढे वा शेतातील पंपापुढेही गोंधळणार नाही.

म्हणून शाळांनी निदान एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून तो केवळ अभ्यासासाठी राखून ठेवावा. नित्याच्या कामाचे संगणक आहेत तसेच राहू द्यावेत. म्हणजे बिघाडाची धास्तीही उरणार नाही. पालकांस विनंती एवढीच की, यंत्र अडले तर मुलांवर एकदम रागावू नये. काय घडले ते क्रमवार लिहून आणावयास सांगावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही त्या लेखनात न झालेल्या कामास 'झाले' म्हणू नका. यंत्राच्या अशा एका 'झाले'ने किती पडदे काळे पडले, ते वर पाहिलेच आहे.