शून्य डॉलरच्या कराचा धडा

अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून एक विलक्षण कर अस्तित्वात आहे. त्याचा दर शून्य डॉलर आहे. ज्याला आखूड नळीची रायफल वा सायलेन्सर तयार करायचा किंवा विकत घ्यायचा असेल, त्याने पूर्वीप्रमाणेच संघराज्य सरकारकडे अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे, मंजुरीची वाट पाहायची. फक्त २०० डॉलर भरायचे नाहीत. नोंदणीविना अशी वस्तू बाळगल्यास दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद मात्र कायम आहे. मला बंदुकांचे आकर्षण नाही. पण कायदा कोणत्या अधिकाराच्या आधारे उभा राहतो आणि तो आधार काढून घेतल्यावर त्याचे काय होते, याचा हा दुर्मीळ नमुना आहे आणि भारताच्या संसदीय व्यवहारालाही तो लागू पडतो.

कराच्या आडून नियमन

या गोष्टीचे मूळ १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’मध्ये आहे. मद्यबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनी अमेरिका हादरली होती. परंतु शस्त्रांवर थेट बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला आहे काय, याविषयी शंका होती. तत्कालीन ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी मार्ग काढला: बंदी घालण्याऐवजी कर लावा. त्यातून २०० डॉलरचा कर आला. त्या काळात तो सामान्य माणसाला परवडणारा नव्हता आणि तोच त्याचा हेतू होता. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सोन्झिन्स्की’ खटल्यात कायदा वैध ठरवला. ज्या करातून काही महसूल मिळतो, त्यामागील हेतू न्यायालय तपासणार नाही, अशी ती भूमिका होती.

मूळ विधेयकात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. रायफलची नळी कापून ती लपवण्याजोगी करण्याची पळवाट बंद व्हावी, म्हणून नळीच्या लांबीची अट आली. पुढे विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली. अट मात्र तशीच राहिली. परिणामी, खिशात मावणारे पिस्तूल या कायद्याच्या बाहेर आणि १६ इंचांहून आखूड नळीची रायफल आत, अशी विसंगती निर्माण झाली.

अशा विसंगतीतून माणसे वाट काढतातच. नळीला सायलेन्सर कायमचा जोडला आणि दोहोंची मिळून लांबी १६ इंच भरली, तर ती रायफल आखूड नळीची मानली जात नाही. मग नोंदणी आणि कर एकट्या सायलेन्सरपुरता उरतो. तोच सायलेन्सर सुटा असेल तर नोंदणी दोन आणि कर ४०० डॉलर. शस्त्र तेच, गोळी तीच, धरणारा हातही तोच; बदलतो तो केवळ कागद. आता कर शून्य झाल्याने या खटाटोपातील पैशांची बचत संपली. उरली ती एका अर्जाची बचत.

सिनेटमधील नकार

२०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाला सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली या कायद्यातून पूर्णपणे वगळायच्या होत्या. सिनेटमध्ये त्यांचे ५३ सदस्य होते. चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी ६० लागतात. म्हणून ही तरतूद साध्या बहुमताने संमत होणाऱ्या अर्थविषयक विधेयकात घालण्यात आली. परंतु ‘बर्ड नियमा’नुसार अशा विधेयकात महसूल आणि खर्चाशी खराखुरा संबंध असलेल्या बाबीच येऊ शकतात. सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी तरतुदीला हरकत घेतली. कर शून्यावर आणणे तेवढे नियमात बसले आणि ४ जुलै २०२५ रोजी त्यावर स्वाक्षरी झाली.

आता बंदूकधारकांच्या संघटना न्यायालयात विचारत आहेत: कर उरला नाही, तर त्याच्या वसुलीसाठीची नोंदणी कशाच्या आधारावर? नोंदणीचे समर्थक आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराकडे बोट दाखवतात. मी स्वतः नोंदणीच्या बाजूचा आहे. तरीही मान्य केले पाहिजे, की प्रश्न बिनतोड आहे. नव्वद वर्षे सार्वजनिक सुरक्षेचे काम कराच्या वेशात चालले. वेश उतरवताच त्या कामाचा अधिकारच वादात सापडला.

आपण काय घ्यावे?

शस्त्रांच्या बाबतीत भारताला या वेशाची गरज भासली नाही. संघसूचीतील पाचवी नोंद संसदेला हा अधिकार स्पष्ट शब्दांत देते. १९५९ चा शस्त्र अधिनियम आवाज दडपणाऱ्या उपकरणालाही अग्निशस्त्राच्या व्याख्येत घेतो आणि कलम ६ अन्वये परवान्याविना नळी आखूड करण्यास मनाई करतो. २०१९ मध्ये शिक्षा वाढवल्या गेल्या, त्याही दोन्ही सभागृहांत रीतसर चर्चा होऊन. आपले दुखणे अंमलबजावणीचे आहे: विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची दखल सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली.

मात्र अन्यत्र आपणही आर्थिक वेशाचा मोह टाळलेला नाही. २०१६ मध्ये आधार विधेयक धन विधेयक म्हणून आणले गेले, त्यामुळे राज्यसभेच्या दुरुस्त्या केवळ शिफारशी ठरल्या. २०१७ च्या वित्त अधिनियमातून न्यायाधिकरणांची रचना बदलली. आधार निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्रात या मार्गाला राज्यघटनेशी केलेली प्रतारणा मानले, आणि धन विधेयकाच्या व्याख्येचा प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. अमेरिकेत एका नियमतज्ज्ञाचा सल्ला सत्ताधारी पक्षाने, नाइलाजाने का होईना, पाळला. आपल्याकडे अनुच्छेद ११० नुसार लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम, आणि अध्यक्ष बहुतेकदा सत्ताधारी पक्षाचे.

राज्यसभेला वळसा घालून केलेला कायदा आज सोयीचा वाटतो. पण उद्या दुसरे बहुमत त्याच वाटेने येईल आणि तोच कायदा एका ओळीत पोकळ करून जाईल. ज्यांना आपला कायदा टिकावा असे वाटते, त्यांनी तो त्याच्या खऱ्या नावाने, दोन्ही सभागृहांसमोर मांडावा.