विषाचे गुपित, नफ्याची राखण
२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. हमीदिया रुग्णालयात गुदमरलेले हजारो गोरगरीब लोटले, तेव्हा वायू कोणता, उपचार कोणता, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. वैद्यकाच्या तोकडेपणावर दोष ढकलणाऱ्यांनी सांगावे : हे अज्ञान कोणी लादले? रुग्णांची फुफ्फुसे पाण्याने भरत होती आणि विषाची माहिती कंपनीने व्यापारी गुपिताच्या नावाखाली दडवली होती. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन अशी माहिती उघड करण्याचे बंधन आले. ते केवळ कागदावर राहू न देणे, हे प्रत्येक कामगार संघटनेचे कर्तव्य आहे!