विश्लेषण : गाणी, हशा आणि समालोचन... आकाशवाणीचा दिवस तुमच्या फोनवर का वाजत नाही?

सामना रंगात आलेला, तुम्ही एसटीत, आणि घाट लागताच नेट गायब. स्कोअरचे पान फिरत राहते. अशा वेळी कामाला येणारी यंत्रणा देशाने फार पूर्वीच उभारली आहे. तिला डेटा लागत नाही, रिचार्ज लागत नाही. तरीही ती आपल्या हातातल्या फोनपर्यंत पोहोचत नाही.

ही मिसळ आली कुठून?

सरकारी हट्टातून, असे म्हटले तरी चालेल. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांना चित्रपटगीतांचे वावडे होते. आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी निमूटपणे काटा रेडिओ सिलोनकडे वळवला आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. तिथे ‘संगीत सरिता’ राग समजावून सांगे, ‘जयमाला’ जवानांसाठी गाणी लावी, ‘हवामहल’मध्ये पंधरा मिनिटांची हलकीफुलकी नाटिका असे आणि रात्री दहाला ‘छायागीत’.

मराठीची वाट थोडी निराळी. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते, वर्षभर. मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’ मालिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी तर शेजारी राहत असावेत इतके ओळखीचे झाले. बाळ ज. पंडित यांनी मराठीत क्रिकेट समालोचन रुजवले. पु. ल. देशपांडेही आकाशवाणीत नोकरीला होते. ही सगळी माणसे, लहान केंद्रांना स्वतःचे कार्यक्रम करण्याची मुभा होती, म्हणून पुढे आली.

खेळाबाबत कायदा काय सांगतो?

२००७ च्या कायद्यानुसार, सरकारने ‘राष्ट्रीय महत्त्वाचे’ ठरवलेल्या स्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे हक्कधारकांना बंधनकारक आहे, तेही त्यांच्या जाहिरातींशिवाय. मिळालेल्या जाहिरात उत्पन्नात हक्कधारकाचा वाटा टीव्हीसाठी किमान ७५ टक्के, तर रेडिओसाठी ५० टक्के. ज्याच्याकडे महागडे सबस्क्रिप्शन नाही, त्यालाही देशाचा सामना ऐकता यावा, हा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे.

मग अडते कुठे?

फोनमध्ये. अनेक फोनमध्ये एफएमची सोय आतल्या चिपवर असते, पण कंपनी ती सुरूच करत नाही. शिवाय इअरफोनची वायर अँटेनाचे काम करते आणि आता वायर लावायचे भोकच गायब होत चालले आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ही सोय सुरू ठेवा, अशी सूचना उत्पादकांना केली. पण ती सूचनाच. ती न पाळणाऱ्याचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. मुंबईची ‘अस्मिता वाहिनी’ ५५८ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींवरची. फोनमधली एफएम चिप चालू असली, तरी तिला मध्यम लहरी पकडता येत नाहीत. म्हणजे खास मराठी कार्यक्रमांसाठी पुन्हा ‘न्यूज ऑन एअर’ हे अ‍ॅप आणि पुन्हा नेट. घाटातल्या प्रवाशाला त्याचा काय उपयोग?

सरकारने काय करावे?

एफएम चिप सुरू ठेवणे सक्तीचे करावे. पूर आणि वादळात टॉवर बंद पडतात तेव्हा रेडिओ लागतो, एवढे एक कारणही त्याला पुरे आहे. त्याबरोबरच मराठी वाहिन्या एफएमवर आणाव्यात आणि केंद्रांना नव्या नाटिका, नवे विनोद करण्यासाठी पैसे व माणसे द्यावीत. जुन्या ध्वनिमुद्रणांवर किती दिवस काढणार? २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवण्याचा निर्णय लोकांच्या विरोधामुळे थांबवावा लागला होता. श्रोते उरले नाहीत, ही सबब त्यामुळे पटत नाही.

तोवर एक करून पाहा. फोनमध्ये ‘एफएम रेडिओ’ शोधा, जुना वायरचा इअरफोन लावा. पुण्यात १०१, मुंबईत १०२.८ वर विविध भारती लागते का बघा.